देवाची शिस्त ओळखायची कशी आणि तिच्यात टिकायचं कसं

एक गोष्ट बिघडते, मग दुसरी, मग तिसरी, आणि रात्री डोळ्याला डोळा लागत नाही तेव्हा मनात एकच प्रश्न घोळत राहतो, देव मला कशाची शिक्षा देतोय? हा प्रश्न मला कितीतरी विश्वासणाऱ्यांनी विचारलाय, मी स्वतःही देवाला विचारलाय, आणि दरवेळी लक्षात आलंय की आपण प्रश्नच चुकीच्या जागेवरून सुरू करतो. म्हणून अशा दिवसांत कुठून सुरुवात करायची, काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे मला जसं शिकायला मिळालं तसं लिहितेय.

आधी शब्द नीट बघू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. इब्री लोकांस पत्राच्या १२ व्या अध्यायात, ५ ते ११ वचनांत हा विषय सगळ्यात सविस्तर आलाय. तिथे आपल्या बायबलमध्ये ‘शिक्षा’ असं वाचलं की डोळ्यासमोर लगेच कोर्ट, गुन्हा, दंड असलंच काहीतरी येतं. पण मूळ ग्रीक शब्द आहे पायदेइया, आणि त्याच्या पोटात ‘मूल’ हा शब्द आहे. मुलाला वाढवताना जे जे करावं लागतं, समजावणं, टोकणं, रागावणं, सवय लावणं, तेच तेच पुन्हा करून घेणं, ते सगळं त्यात आलं. प्रेषितांची कृत्ये ७:२२ मध्ये मोशे मिसरी लोकांच्या विद्येत शिकून तयार झाला असं आहे, २२:३ मध्ये पौल गमलियेल या शास्त्रशिक्षकाच्या पायाशी शिकला असं आहे, दोन्हीकडचं क्रियापद याच घराण्यातलं. आणि मराठीत तरी वेगळं काय आहे, शिक्षा, शिक्षण, शिक्षक हे सगळे एकाच धातूचे, फक्त रोजच्या बोलण्यात शिक्षेतलं शिकणं गळून गेलं आणि मार तेवढा उरला. मी स्वतःशी हा भाग वाचताना तिथे ‘वळण’ म्हणून वाचते. करून बघा, सगळा अध्याय वेगळा ऐकू येतो.

वळण म्हटलं म्हणजे दुखत नाही असं मात्र नाही हं. ६ व्या वचनात सरळ फटक्यांचा शब्द आहे, आणि ११ व्या वचनात लेखक कबूलच करतो की त्या वेळी हे कोणालाच गोड वाटत नाही, वाईटच वाटतं. त्यामुळे कोणी सांगत असेल की खरा विश्वास असला की त्रासातही हसत राहता येतं, तर त्या माणसाने हे वचन एकदा वाचावं.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मनात पक्की झाल्याशिवाय पुढचं काहीच जमणार नाही. पापाचा दंड वेगळा आणि बापाचं वळण वेगळं. दंड ख्रिस्ताने भरलाय, यशया ५३:५ म्हणतं की आपल्याला शांती मिळावी म्हणून जी शिक्षा व्हायची ती त्याच्यावर पडली, आणि रोमकरांस ८:१ म्हणतं की जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना आता दंडाज्ञा नाहीच. म्हणजे देव उरलेली बाकी तुमच्याकडून हप्त्याहप्त्याने वसूल करत बसलाय असं नाही. बाकी राहिलीच नाहीये. मग तो जे करतो ते कशासाठी, तर इब्री १२ च्याच १० व्या वचनात उत्तर आहे, आपण त्याच्या पवित्रतेचे वाटेकरी व्हावं म्हणून. मी हे कितीतरी वर्षं तोंडपाठ म्हणायचे आणि तरी काही बिनसलं की आतून घाबरायचे, वसुली सुरू झाली असंच वाटायचं, त्यामुळे हे डोक्यातून मनात उतरायला वेळ लागतो हे मला माहीत आहे. पण रोज उतरवत राहा.

मग सध्या जे चाललंय ते नक्की काय आहे ते कसं ओळखायचं? इथे बहुतेक जण एकच पट्टी लावतात, त्रास आलाय म्हणजे काहीतरी पाप असणार. ही पट्टी ईयोबाच्या मित्रांची आहे, आणि ईयोब ४२:७ मध्ये देव त्यांच्यावर संतापून म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत. शिलोहातला बुरूज कोसळून १८ माणसं मेली होती, त्यांच्याबद्दल येशूने लूक १३ मध्ये लोकांना विचारलं की ती काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला, आणि तोच नाही म्हणाला. त्याच दमात तुम्ही पश्चात्ताप करा असंही म्हणाला, म्हणजे दुसऱ्याच्या संकटाचा हिशेब मांडू नका, स्वतःकडे बघा. योहान ९ मधल्या जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हाच प्रश्न टाकला तेव्हाही उत्तर तेच आलं, ना याने पाप केलं ना याच्या आईबापांनी.

पण कधी कधी खरंच पाप असतं, तेही लपवायला नको. दावीद राजाने बथशेबेचं प्रकरण केलं, तिचा नवरा उरीया याला मारवलं आणि वरून गप्प राहिला, त्या गप्प राहण्याच्या दिवसांत काय होतं ते स्तोत्र ३२ वाचून कळतं, हाडं झिजली, रात्रंदिवस देवाचा हात जड वाटत होता, अंगातला ओलावा उन्हाळ्यात आटावा तसा आटून गेला. मग नाथान संदेष्टा आला आणि म्हणाला, तो मनुष्य तूच आहेस. इथे एक गोष्ट बघा, दावीदाने कबूल केल्याबरोबर नाथान त्याला सांगतो की परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, आणि तरीही त्या पापाचे परिणाम दावीदाच्या घरात पुढे कितीतरी वर्षं चालू राहिले. क्षमा झाली म्हणजे परिणाम पुसले गेले असं नसतं, आणि परिणाम चालू आहेत म्हणजे क्षमा झाली नाही असंही नसतं. हा मुद्दा ज्यांना समजत नाही ते फार हाल करून घेतात स्वतःचे.

पौलाचं वेगळंच होतं. त्याच्या देहातला काटा कुठल्या पापाबद्दल नव्हता, त्याला मोठे दृष्टांत मिळाले होते आणि त्यामुळे तो फुगू नये म्हणून आधीच घातलेला बांध होता तो, त्याने ३ वेळा विनवणी केली आणि काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरे एवढंच उत्तर मिळालं. आणि अनुवाद या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात इस्राएल लोकांची रानातली ४० वर्षं आहेत, तिथे भूक लागू दिली, मग मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारं अन्न, खायला दिला, अंगावरचे कपडे जीर्ण झाले नाहीत, पाय सुजले नाहीत, आणि मोशे म्हणतो की बाप मुलाला वळण लावतो तसं परमेश्वर तुला लावत होता. उपाशी ठेवणं आणि पाय न सुजू देणं, दोन्ही एकाच वळणात. सगळ्यात वरचं उदाहरण तर खुद्द येशूचं, इब्री ५:८ सांगतं की पुत्र असूनही त्याने जे सोसलं त्यातून तो आज्ञापालन शिकला. त्याच्यात तर पाप नव्हतंच. मग सोसायला लागलं म्हणजे पापच असणार हे गणित उरतंच कुठे?

तर प्रत्यक्ष करायचं असं. एक दिवस अर्धा पाऊण तास काढा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं प्रार्थना म्हणून म्हणा, हे देवा मला पारख, माझ्यात काही वाईट मार्ग आहे का बघ. मग गप्प बसा. काही ठोस समोर आलं, एखादं नाव, एखादा खोटा हिशेब, एखादी सवय, कोणाशी तरी अर्धवट सोडलेलं भांडण, तर ते कागदावर लिहा आणि त्याच आठवड्यात त्याबद्दल काहीतरी करा. काहीच आलं नाही तर उकरत बसू नका. हे मी जोर देऊन सांगतेय, कारण प्रामाणिक लोकच इथे अडकतात, दिवसच्या दिवस मन उकरत राहतात आणि लहानपणीच्या चुका काढून त्याचा संबंध आजच्या आजारपणाशी लावतात. पवित्र आत्मा दाखवतो ते नेमकं असतं आणि त्यातून बाहेर पडायची वाटही सोबत असते. तू वाईटच आहेस, तुझं काही होणार नाही, असा मोघम आवाज दिवसभर येत असेल तर तो बापाचा नाही. २ करिंथ ७:१० मध्ये पौल दोन प्रकारची दुःखं सांगतो, एक देवाला मान्य असलेलं, जे पश्चात्तापाकडे नेतं, आणि एक जगाचं, जे मरणाकडे नेतं. दुःख तुम्हाला कुठे घेऊन चाललंय ते बघा, कळतं.

माझं सांगते. माझं आणि धाकट्या भावाचं घरातल्या एका व्यवहारावरून फाटलं होतं आणि दोन वर्षं आम्ही बोललो नव्हतो. चूक त्याचीच जास्त होती, आजही मला तसंच वाटतं. पण त्या दोन वर्षांत माझी प्रार्थना कोरडी ठाक पडली, उपासनेत उभी राहायचे आणि गाण्याचे शब्द तोंडातून नुसते बाहेर पडायचे. मी देवाला म्हणायचे की तू दूर का गेलास, आणि जिथे जाईन तिथे मत्तय ५:२३ समोर यायचं, वेदीजवळ दान आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर. संदेशात तेच, कोणाच्या स्टेटसला तेच, डेली रीडिंगला तेच. वचनात माझ्या मनात त्याच्याविषयी काही आहे असं म्हटलेलं नाही, त्याच्या मनात माझ्याविषयी आहे असं म्हटलंय, आणि ते मी सोयीस्कर वाचत नव्हते. शेवटी फोन केला. चार मिनिटं बोललो असू, दोघांनाही नीट बोलता आलं नाही, व्यवहाराचं काही सुटलं नाही, पण त्या रात्री मी बऱ्याच महिन्यांनी प्रार्थनेत रडले. तो कोरडेपणा म्हणजे मला टाकून देणं नव्हतं, दुसरीकडे आरामात बसू न देणं होतं.

इब्री १२:५ मध्ये नीतिसूत्रे ३ मधलं जे वचन घेतलंय त्यात दोन चुका सांगितल्यात, एक म्हणजे प्रभूच्या शिक्षेला क्षुल्लक समजणं आणि दुसरी म्हणजे खचून जाणं. प्रत्येकाचा कल यातल्या एकीकडे असतो, तुमचा कुठे आहे ते आधी ओळखा. क्षुल्लक समजणारे लोक बाहेरून फार खंबीर दिसतात, असंच असतं जीवनात, चलता है, म्हणून झटकून पुढे जातात, कामात स्वतःला बुडवतात, आणि देव जे सांगत होता ते ऐकायचं राहून जातं. अशांनी थांबून वरचा अर्धा तास काढायलाच हवा. खचणाऱ्यांना तो अर्धा तास नको असतो, त्यांनी आधीच चार तास काढलेले असतात, त्यांना विलापगीत ३:३३ हवं असतं, की तो मनापासून कोणाला दुःख देत नाही. आणि इब्री १२ चं ८ वं वचन, ज्यांना शिस्त लागत नाही ते त्याची मुलंच नव्हेत. म्हणजे हा जो हात जड वाटतोय तो तुम्ही घरचे आहात याची खूण आहे. मी स्वतः खचणाऱ्यांतली, म्हणून मला हे वचन कडू न वाटता आधाराचं वाटतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायलाच पाहिजे. घरात कोणी मारहाण करत असेल, कोणी अधिकाराच्या जागेवरचा माणूस, मग तो मंडळीतला का असेना, त्रास देत असेल, आणि सांगत असेल की ही देवाची शिस्त आहे सोस, तर ते ऐकू नका. दुसऱ्याचं पाप सोसत तिथेच बसून राहा असं हा अध्याय सांगत नाही. दमास्कसमध्ये पकडायला आले तेव्हा पौल टोपलीत बसून भिंतीवरून खाली उतरला आणि निसटला, त्याला कोणी चिकाटी कमी पडली म्हणत नाही. सुरक्षित जागी जा, मदत मागा, तक्रार करायची असेल तर करा. आजारपणाचंही तेच, औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे, मन फार काळ काळवंडलेलं असेल तर डॉक्टरकडे जा आणि प्रार्थनाही करा. आणि दुसऱ्याच्या संकटाकडे बघून देव तुला शिस्त लावतोय हे वाक्य कधीच बोलू नका. ते ज्याचं त्याने देवासमोर ओळखायचं असतं, आपण शेजारी बसायचं. ईयोबाचे मित्रसुद्धा पहिले ७ दिवस काही न बोलता बसले तोवर बरे होते.

आता टिकून राहण्याबद्दल. ग्रीक शब्द हुपोमोने, त्याचा अर्थ भाराखाली राहणं, पळून न जाता खाली टिकणं. हे पत्र ज्यांना लिहिलं ते थकलेले लोक होते, १० व्या अध्यायात दिसतं की त्यांची मालमत्ता लुटली गेली होती आणि त्यांनी ते आनंदाने सोसलं होतं, म्हणजे सुरुवात जोरात झाली होती, पण पुढे काहींनी एकत्र येणंच सोडलं होतं. मला वाटतं बहुतेकांचं असंच होतं, मोठा धक्का माणूस पेलतो, रोजचं तेच तेच पेलवत नाही. १२ व्या अध्यायाच्या ११ व्या वचनात ‘वळण लागलेले’ म्हणताना लेखकाने वापरलेला शब्द व्यायामशाळेतला आहे, जिम हा शब्द त्याच मुळाचा. आपला तालीम शब्द इथे चपखल बसतो. तालमीत एका दिवसात कोणी पैलवान होत नाही, आणि चार दिवस गेलो तरी दंड भरले नाहीत म्हणून घरी बसलेल्याचं तर होतच नाही.

त्याच १२ व्या अध्यायाच्या पहिल्या वचनात विश्वासाच्या शर्यतीत धावणाऱ्याने दोन गोष्टी टाकायच्यात, पाप आणि ओझं. ओझं म्हणजे पाप नसलेली पण जड गोष्ट. ही यादी प्रत्येकाची वेगळी निघेल, रात्री उशिरापर्यंत स्क्रोल करत राहणं, सगळ्यांना हो म्हणत घेतलेली सेवेची कामं, एखादं मैत्रीचं नातं ज्यात फक्त कुरकुर होते. अवघड काळात नवीन संकल्प करू नका, आधी एक ओझं उतरवा. मी मंडळीतली दोन कामं सोडली होती, लोकांना आवडलं नाही, पण वचन वाचायला सकाळ परत मिळाली.

मान्ना आठवा, रोजचा रोज गोळा करायचा, उरवून ठेवला की किडे पडायचे, फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट. पुढच्या सहा महिन्यांसाठी लागणारी शक्ती आज मागून मिळत नाही, त्यामुळे आजची मागा. एक छोटा परिच्छेद, एक वाक्याची प्रार्थना, एवढंच जमत असेल तर एवढंच, पण रोज. आणि प्रार्थनेत खरं बोला. स्तोत्र १३ मध्ये पहिल्या दोनच वचनांत ४ वेळा ‘किती काळ’ येतं, स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची ओळसुद्धा नाही, आणि तरी ते बायबलमध्ये आहे. तक्रार देवापाशी केली तर ती प्रार्थना होते, देवाकडे पाठ फिरवून करत राहिलं की आत मुरते, आणि इब्री १२ च्या १५ व्या वचनात ज्या कडूपणाच्या मुळाबद्दल सांगितलंय ते असंच धरतं.

शरीराकडेही बघा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही, झोपू दिलं, उठवून खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं, कारण पुढची वाट त्याला झेपणार नव्हती. होरेब डोंगरावर गेल्यावर मग बोलणं झालं, आणि तेही आधी वारा, भूकंप, अग्नी जाऊ देऊन, मंद वाणीने. तुम्ही आठवडाभर नीट झोपला नसाल तर आपल्या आत्मिक स्थितीबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका, आधी झोपा.

फळ उशिरा दिसतं. योसेफाची गोष्ट सुरू होते तेव्हा तो १७ वर्षांचा, आणि फारोपुढे उभा राहिला तेव्हा ३० चा, मधली १३ वर्षं विहीर, गुलामी, तुरुंग. त्यातल्या कुठल्याही एका दिवशी त्याला विचारलं असतं तर काय सांगितलं असतं त्याने? म्हणून एक साधी वही ठेवा, महिन्यातून एकदा तारीख टाकून दोन ओळी लिहा, काय जड जातंय आणि देवाने काय पुरवलं. वर्षाने मागे वाचा. बहुतेक वेळा असं दिसतं की परिस्थिती फारशी हललेली नाही पण पूर्वी ज्या गोष्टीने तुम्ही भडकायचा ती आता तेवढी लागत नाही. ११ व्या वचनातलं शांतीचं फळ असं हळूच धरतं, धरताना दिसत नाही.

आणि एकट्याने नको. इब्री १२ चं १२ आणि १३ वं वचन आहे गळालेल्या हातांबद्दल, लटपटणाऱ्या गुडघ्यांबद्दल, वाट सरळ करा म्हणजे लंगडं पाऊल उखळणार नाही, बरं होईल. सगळं अनेकवचनात आहे, म्हणजे शेजारच्याचे गुडघेही आपल्याच काळजीत आले. एक माणूस ठरवा ज्याला तुम्ही खरं सांगाल, फक्त ‘प्रार्थनेत आठवण करा’ एवढं नाही, नेमकं काय चाललंय ते. आणि तुमच्या ग्रुपमधून गेल्या काही महिन्यांत कोण यायचं थांबलंय ते आठवा, त्याला फोन करा, का येत नाहीस हे विचारायचं नाही, कसा आहेस विचारायचं. योहान मार्क पहिल्या सेवाफेरीत पंफुल्यात अर्धवट सोडून परतला होता, पुढच्या वेळी पौल त्याला न्यायला तयार नव्हता आणि त्यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात एवढं वाजलं की दोघं वेगळे झाले, बर्णबा मार्काला घेऊन कुप्राला गेला. पुढे पौल तुरुंगात, शेवट जवळ आलेला, सोबती देमास सोडून गेलेला, तेव्हा तो तीमथ्याला लिहितो, मार्काला आपल्याबरोबर घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.